बुडत्या फरहादला मी वाचवलं त्याची गोष्ट

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला माझा शहाणपणा! हसायचं नाही, आधीच सांगतो.

इथे आखातात, शर्क भागातल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर फरहाद बसतो. इराणी माणूस. हिशेब करतो, पण वेड सिनेमाचं. मध्यंतरी जेवणाच्या सुट्टीत त्यानं स्वतः केलेली शॉर्ट फिल्म मला मोबाइलवर दाखवली. "स्पर्धेला पाठवायच्या आधी तू बघायलाच हवीस," म्हणाला.

फिल्ममध्ये हाच. एकटा. किटलीनं खुर्चीभोवती पाण्याचं रिंगण काढतो आणि जेवायला बसतो. ते पाणी चढायला लागतं हो! गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत! हाक मारायला तोंड उघडतो, तर त्यात घासच कोंबतो. संपली फिल्म!

"आतल्या आत बुडणारा माणूस आहे," फरहाद हळूच म्हणाला.

मी तडक घरी फोन लावला. मुलीच्या बारावीसाठी बायको सध्या चिपळूणला असते. ती म्हणाली, "अहो, त्याला एकटं सोडू नका! जिवाचं काही बरंवाईट करून घेईल!"

झालं! मी कामाला लागलो. रोज जेवताना त्याच्यासमोर खुर्ची ओढून अखंड बडबड. निम्मा डबा त्याला. माझ्या बिल्डिंगमधले रत्नागिरीचे परकारभाई संध्याकाळी त्याच्या घरी बिर्याणी पोचवायचे. तो समुद्रावर फिरायला निघाला की आम्ही दोघं मागे. अहो, तो पाणी प्यायला कूलरपाशी गेला तरी मी मागे!

आठवड्यात पोट सुटून त्याच्या शर्टाचं बटण तुटलं. शेवटी एकदा जेवताना वैतागून म्हणाला, "भाई, झालंय काय तुला?"

मी त्याचा हात घट्ट धरला. "फरहाद, बुडू नकोस रे! मन मोकळं कर!"

तो हात सोडवत म्हणाला, "फिल्ममधला तो माणूस मी नाही! नट परवडत नाही म्हणून मी काम केलं."

"मग कोण?"

त्यानं माझ्या डब्याकडे बोट केलं. जेवायच्या आधी सवयीनं मी भोवती पाणी फिरवलं होतं, ते अजून टेबलावर ओलं होतं.

"भाभी गावी गेल्यापासून तू रोज हे पाणी फिरवायचास आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचास. कुणाशी एक शब्द नाही. मला काळजी वाटायची, पण विचारायचं कसं? म्हणून फिल्म केली. आणि आता तू गप्पच बसत नाहीस! माझ्या फिल्मचा शेवट चुकला की!"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

संध्याकाळी बायकोचा फोन. "काय हो, वाचला का तो बिचारा?"

म्हटलं, "वाचला. तुझाच नवरा होता गं तो!"