हिनेची डबी आणि पलीकडची परवानगी

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला उतरले तेव्हा गुडघ्यांनी पार असहकार पुकारला होता. धाकटा भाऊ शेखर इथे फार्मासिस्ट. त्याने गोळ्या दिल्या. शेजारच्या हिने नावाच्या माओरी बाईंनी कुंपणावरून कवाकवाच्या (इथल्या रानातलं झुडूप) मलमाची डबी दिली. आराम कशाने पडला, हे शेखरला अजून सांगितलेलं नाही.

हिने हे मलम शनिवारच्या बाजारात विकतात. पण न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया मिळून औषधांना मंजुरी देणारं एकच कार्यालय काढायचं घाटत होतं. तसं झालं तर घरामागे पाला खुडणाऱ्या बाईला समुद्रापलीकडची परवानगी लागणार.

"एवढासा देश, ताई, एकटा किती पुरा पडणार?" शेखर म्हणाला. "उद्या बाकीची बेटंही जॉइन होतील. युरोपात बघ, आत यायला रांग लागलीय."

"रांगेत उभं राहायचं का, हे हिनेंना कुणी विचारलं?" माझा आवाज चढला.

या कार्यालयाबद्दलचीच सभा मराएवर (माओरींचं सभेचं आवार) होती. आतून बायकांनी साद घालेपर्यंत पाहुण्याने फाटकात थांबायचं, अशी रीत. उशीर होतोय म्हणून शेखर सरळ आत निघाला. हिनेंनी दंडाला धरून त्याला मागे आणलं. मला शरमेने तोंड लपवावंसं वाटलं. आपल्या देवघरात कुणी बुटांसकट शिरलं असतं, तर याच शेखरने घर डोक्यावर घेतलं असतं.

सभेत हिने एवढंच म्हणाल्या, "शेजाऱ्याशी आमचं वैर नाही. आम्ही सगळ्यांना आत बोलावतो. पण बोलवायचं आम्ही."

समुद्रापलीकडून आलेले साहेब हसून म्हणाले, "तुमचं म्हणणं पोचवतो." त्या हसण्याची मला आजही चीड येते.

गाडीत शेखर पुटपुटला, "नियम सगळ्यांना सारखे असले तर बिघडतं कुठे?"

"सारखे असू देत रे. ते ठरवताना हिने त्या खोलीत होत्या का?"

त्याने गाडीतला रेडिओ लावला.

निघताना हिनेंनी नवी डबी दिली. ऑस्ट्रेलियात विमान बदलताना तपासणीवाल्या तरुणाने ती बाजूला काढली. लेबल नाही, नेता येणार नाही.

"न्यूझीलंडने नेऊ दिलं," मी म्हणाले.

"तिकडचं तिकडे, मॅडम. इथे आमचा नियम."

याला स्वतःचं दार बरोबर राखता येत होतं! डोकं तडकलं. तिथल्याच बाकावर बसले, सलवार वर सरकवली आणि सगळं मलम दोन्ही गुडघ्यांना चोळलं. रिकामी डबी त्याच्या हातात ठेवली.

पुण्यात पोचले आणि शेखरचा फोन आला. "ताई, हिने विचारतायत, मलम नेऊ दिलं का?"

"नाही दिलं, म्हणावं," मी म्हणाले. "तरी आणलं."