तापलेल्या विटेवरची टाच

मी शाळेत होते तेव्हा वडील अंथरुणाला खिळलेले, आणि आई अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर दुसऱ्यांची मासळी सुकवायला जायची. जवळा पसरायचा, उलटायचा, उन्हं कलेपर्यंत अनवाणी उभं राहायचं. त्या पायांवर मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली. त्याचा मला गर्व होता, आजही आहे.

नोकरी लागली, वडील गेले, आणि आईला मी तुळिंजच्या भाड्याच्या खोलीत आणलं. तेव्हा तिची टाच दुखायला लागून वर्ष झालं होतं.

"मुंग्या चावतात गो. बसले तरी जलते."

एक्स-रे काढला. टाचेचं हाड वाढलेलं. रिपोर्ट मीच वाचला, डॉक्टरांना दाखवला नाही.

"मुंग्याबिंग्या काही नाही आई, हाड टोचतंय. मऊ चप्पल घाल."

"तुला लिवलेलं दिसतं, माजं दुखनं नाय दिसत," ती हसत म्हणाली. म्हणून मीही हसले. अशी तीन वर्षं गेली.

मग शेजारच्या मावशींनी उपाय सांगितला. वीट तापवायची, वर रुईचं पान ठेवायचं, त्यावर टाच दाबून धरायची. आमच्याकडे सगळेच करतात. मीही केलं.

"चटका बसतो का?"

"कुटं? तापव अजून. गॅस कशाला वाचवतेस गो?"

मी अजून तापवली. आई मावशींशी कुणाच्या तरी हळदीचं बोलत बसली. करपल्याचा वास आला म्हणून मी तिचा पाय उचलला. कातडी पानाला चिकटून आली होती. ती अजून बोलतच होती.

दवाखान्यात जखम बांधून झाल्यावर डॉक्टरांनी तिच्या घोट्याच्या आतल्या बाजूला बोटाने हलकंच ठोकलं. आई दचकली. पार अंगठ्यापर्यंत करंट गेला म्हणाली.

"तळव्याला मुंग्या येतात?" त्यांनी विचारलं.

आईने माझ्याकडे बघितलं.

तपासण्या झाल्या. घोट्याजवळ नस दाबली गेली होती, त्यामुळे तळवा बधिर झाला होता. डॉक्टर म्हणाले, "हाड पुष्कळांचं वाढतं, सगळ्यांचं दुखतंच असं नाही. पण बसल्यावरही जळतंय म्हणजे नस बघायला हवी होती. उशीर केलात."

बाहेर बाकड्यावर मी म्हटलं, "आई, चुकलं माझं."

"तू काय डाक्टर हायस? मीच गावभर सांगत फिरले, माजी पोर सगलं वाचते म्हनून."

एवढं बोलून तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यापेक्षा ती मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

जखम भरायला दोन महिने लागले. मग ऑपरेशन करून नस मोकळी केली. तळव्याची गेलेली जाणीव परत आली नाही, येईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. कुठे कापलं, भाजलं तर तिला कळत नाही, म्हणून रोज ऑफिसातून आल्यावर मी तिचे तळवे बघते. पण टाचेतली जळजळ थांबली. आई आता न दुखता उभी राहते.