पोटरीचे चार एमआरआय

"ही गाठ नाही आणि फुगलेली व्हेरिकोज शीरही नाही," डॉक्टर बाई कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "हे जन्मापासूनच आहे."

ह्यांचं वय तेव्हा एकोणपन्नास, आणि उजवी पोटरी दोन वर्षं दुखत होती. जन्मापासून आहे तर आधीच्या तीन डॉक्टरांना ते दिसलं का नाही, असं मी जरा चढ्याच आवाजात विचारलं. एकानं स्नायू दुखावलाय म्हणून गोळ्या दिल्या होत्या. दुसऱ्यानं सायटिका म्हणून कमरेला पट्टा बांधला. तिसऱ्यानं सोनोग्राफी करवली आणि 'विशेष काही नाही' असा रिपोर्ट हातात ठेवला. बाई शांतपणे म्हणाल्या, "आडवं झोपलं की तिथलं रक्त ओसरतं, काकू. मग चपटं दिसतं. पेशंटला उभं करून बघायला हवं होतं." म्हणजे दोन वर्षं आमच्या घरात जे रामायण चाललं, ते कोणी ह्यांना उभं केलं नाही म्हणून!

ह्या आजाराचं नाव व्हीनस मालफॉर्मेशन. म्हणजे शिरांची जन्मजात चुकलेली घडण. नळीसारख्या सरळ शिरांऐवजी तिथे स्पंजासारख्या पोकळ्या असतात आणि त्यात रक्त साचून राहतं. हा कॅन्सर नव्हे. लहानपणी तो गप्प बसतो आणि मोठेपणी डोकं वर काढतो. एमआरआयमध्ये ह्या पोकळ्या पांढऱ्याशुभ्र दिसतात. ह्यांच्या उजव्या पोटरीत तर, आम्हा नाशिककरांना पटकन कळावं म्हणून की काय, चक्क द्राक्षांचा घड दिसत होता. मधेमधे काळे ठिपके होते. ते फ्लेबोलिथ, म्हणजे साचलेलं रक्त गोठून झालेले बारीक खडे.

हे पौरोहित्य करतात. सत्यनारायण, वास्तुशांत, लघुरुद्र. एका जागी तीन-तीन तास मांडी घालून बसणं हेच त्यांचं काम. आजकाल यजमान गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसतात, गुरुजी मात्र जमिनीवरच हवेत. शेवटी शेवटी आरतीला उठताना हे चौरंगाचा आधार घ्यायला लागले होते. त्यामुळे आजाराचं नाव, कारण, खर्च, काही न विचारता ह्यांनी एवढंच विचारलं, "मांडी घालून बसता येईल ना?"

"उपचार करून बघू. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढला की कळेल," बाई म्हणाल्या.

उपचाराचं नाव स्क्लेरोथेरपी. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत सुई त्या पोकळीत नेतात आणि फेसासारखं औषध सोडतात. त्यानं शिरेच्या भिंती आतून चिकटतात आणि पोकळी हळूहळू आक्रसते. टाके नाहीत, कापाकापी नाही. दुसऱ्या दिवशी घरी. सोबत एक घट्ट कम्प्रेशन स्टॉकिंग, म्हणजे चिकटलेल्या भिंती पुन्हा सुटू नयेत म्हणून पोटरी आवळून धरणारा गुडघ्यापर्यंतचा मोजा. दिवसभर घालायचा, फक्त झोपताना काढायचा. चार ओळींच्या सूचना होत्या. मी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. त्या कागदाला भोकं पाडून मी तो फाइलला लावला आणि माझं कर्तव्य संपलं असं समजले.

दीड महिना झाला तरी पोटरी टणक आणि सुजलेली. माझे दीर इगतपुरीला रेल्वेत असतात. उत्साह दांडगा, माहिती अर्धी. "वहिनी, सहा महिने कशाला थांबता? नाशकातच द्वारका चौकाजवळ माझ्या मित्राचं सेंटर आहे. उद्याच एमआरआय काढून घेऊ," म्हणाले. आणि मी, जी शाळेत शिक्का नसलेला कागद घेत नाही, ती तयार झाले.

तिथे आणखी तऱ्हा. धातूचं सगळं काढा म्हणाले, ह्यांनी अंगठी काढली, घड्याळ काढलं. आत न्यायच्या वेळी टेक्निशियनला जानव्याला बांधलेली कपाटाची किल्ली दिसली. ती सोडवण्यात दहा मिनिटं गेली, कारण गाठ ह्यांची. आत गेल्यावर हे मनात रुद्र म्हणायला लागले आणि पायाच्या अंगठ्यानं ठेका धरला. टेक्निशियन बाहेर येऊन माझ्यावरच करवादला, "मावशी, काका लय पाय हलवतात. फोटो हलला ना सगळा. आता परत घ्यावा लागंल."

रिपोर्ट आला: 'आकारात वाढ.' त्या दोन शब्दांनी माझी झोप उडवली. दीर म्हणाले, डॉक्टर बदला. मी थेट बाईंकडे गेले आणि फाइल त्यांच्या टेबलावर आपटली. हो, आपटलीच.

त्यांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि डोळे चोळले. "हा एमआरआय आत्ता काढायला कोणी सांगितलं?"

मी दिरांचं नाव घेतलं नाही, पण माझा चेहरा बोलला असणार. त्यांनी समजावलं ते तुम्हीही ध्यानात ठेवा. औषधानं आत मुद्दाम सूज आणलेली असते, आणि सूजही फोटोत पांढरीच दिसते. ती ओसरायच्या आत फोटो काढला तर बरा होणारा पाय बिघडल्यासारखा दिसतो. शिवाय मशीन वेगळं, पायाची ठेवण वेगळी. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच पद्धतीनं काढला तरच तुलना करता येते. "नाहीतर तुम्ही कालचा तवा आणि आजची कढई मोजताय," त्या म्हणाल्या. बाहेर पडून मी दिरांना फोन लावला. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

सहा महिने पूर्ण झाल्यावर आम्ही पहिल्याच सेंटरला, त्याच मशीनवर तिसरा एमआरआय काढला. ह्या वेळी किल्ली घरी ठेवली होती. बाईंनी पहिला आणि नवा फोटो शेजारीशेजारी लावले. घडाचा वरचा भाग आक्रसला होता. खालचा भाग मात्र पुन्हा भरला होता, जवळजवळ होता तेवढाच.

मी सुरूच झाले. औषध कमी पडलं का? सुई नीट गेली नव्हती का? सहा महिने आम्ही पथ्य पाळलं त्याचं काय?

बाईंनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. त्या ह्यांच्या पायातला मोजा बघत होत्या. काठ दोन बोटांत धरून त्यांनी ओढला आणि सोडला. तो फट्‌दिशी परत बसला.

"गुरुजी, रोज वापरलेला मोजा सहा महिन्यांत सैल पडतो. हा अजून घट्ट आहे, म्हणजे दिवसाचे बरेच तास पायात नसतो. पूजेला बसताना काढता ना?"

हे खाली बघत होते. मी कपाळावर हात मारला. ज्या तीन तासांसाठी हा सगळा खटाटोप, नेमक्या त्याच तासांना मोजा पिशवीत! मला इतका संताप आला की बाईंच्या समोरच मी म्हटलं, "अहो, लहान आहात का? कोणी सांगितलं होतं काढायला?"

"तूच," हे म्हणाले. "पहिल्या दिवशी. रबराचं असलं काही घालून देवघरात यायचं नाही म्हणालीस. घरच्या देवाला चालत नाही, मग लोकांच्या देवाला कसं चालेल?"

मी म्हटलं होतं. गॅसवर वरण होतं, कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या आणि पाठमोरी असताना मी ते बोलून गेले होते. माझ्या लक्षातही नव्हतं. ह्यांनी मात्र एकदाच काय ते माझं ऐकलं, आणि तेही नको तिथे. सहा महिने मी मशीनवर, डॉक्टरांवर, दिरांवर तोंडसुख घेत होते. तेव्हा त्या खुर्चीत मला खरोखर लाज वाटली.

बाईंनी मला काही ऐकवलं नाही, ह्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. त्यांनी ह्यांनाच विचारलं, "यजमान आजारी असले तर तुम्ही काय सांगता?"

"खुर्चीवर बसा म्हणतो. औषध घ्या, उपास करू नका. आपद्धर्माला शास्त्रात सोय आहे."

"मग गुरुजींना सोय नाही का?"

हे मोजा नीट वर ओढायला लागले. मग बाईंनी विचारलं, "दहापैकी किती दुखतं?" हे नेहमीप्रमाणे म्हणाले, "चालतंय." बाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "फोटोत रक्त कुठे साचलंय ते दिसतं. किती दुखतंय ते नाही दिसत. ते तुम्ही सांगितलं नाही तर माझा अर्धा उपचार अंधारात."

स्क्लेरोथेरपी पुन्हा झाली. घरी आल्यावर मी स्वतः ह्यांना मोज्यासकट देवघरात नेऊन पाटावर बसवलं. देवांनी काही तक्रार केली नाही. दर पाऊण तासानं उठून चार पावलं चालायची, ही बाईंची सूचना मी कागदावर लिहून ह्यांच्या पोथीत खुणेच्या जागी ठेवली.

चौथा एमआरआय मागच्या महिन्यात झाला. घडातले चार-पाच मणी उरलेत. ते राहणार. आजार जात नाही, आटोक्यात राहतो. दरवर्षी एकदा डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करायची आहे, आणि तीही उभं करून. तुमच्याकडे कोणाचं असं दुखणं असेल तर फोटो जपा, घाई करू नका, आणि घरातल्या माणसाला काय बोलून जाता तिकडे लक्ष ठेवा.

गेल्या आठवड्यात गंगापूर रोडला एक वास्तुशांत होती. मला जेवायला बोलावलं होतं. हॉल पाहुण्यांनी भरलेला, होम व्हायचा होता. हे मधेच थांबले, संकोचानं इकडेतिकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर यजमानांना म्हणाले, "जरा दहा मिनिटं थांबू या. माझा पाय दुखतोय."

यजमानांची आई लगबगीनं खुर्ची घेऊन आली. मी मागच्या रांगेत बसले होते, पदरानं डोळे पुसत. शेजारच्या बाईंना वाटलं, धूर गेला असेल. होम अजून पेटायचा होता.