नानी आमची कोण होती

गेल्या शुक्रवारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं — नवऱ्यालासुद्धा नाही. आज संध्याकाळी त्याला सांगणार आहे. सांगणार म्हणजे सांगणारच! त्याआधी तुम्ही ऐका.

शुक्रवारी लेकीला, सनाला, घेऊन कतारमधल्या आमच्या मेसईदहून बसने दोह्याच्या म्युझियममध्ये गेले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या वस्तू मांडल्या होत्या. एका काचेमागे लाकडाची फणी — लांब, विरळ दातांची, मुठीवर नक्षी कोरलेली. दाट कुरळ्या केसांसाठी. आईकडून लेकीकडे जायची, असं खाली लिहिलेलं. आणि हेही, की त्या किनाऱ्यावरून जहाजांत माणसंही चढली — कुणी खलाशी, कुणी शिपाई, कुणी विकलेली. काही इथे आखातात उतरली, काही पार आपल्या कोकणात.

मला वाचायची गरज नव्हती. तशीच फणी आमच्या मुरूडच्या घरी होती. नानीची. माझी नानी सिद्दी होती.

बघा — एवढं म्हणतानाही जीभ अडखळली. का? आई गेल्यावर त्याच बाईने मला वाढवलं ना? पण आमच्या कोकणी मुसलमानांत ज्याला त्याला आपला पूर्वज अरबस्तानातूनच आलेला हवा. आफ्रिकेतून आलेला कुणाला नको.

सना काचेला नाक लावून म्हणाली, "अम्मी, माय हेअर नीड्स दिस." दर गुरुवारी मी तिचे केस मशीनने सरळ करते. कुणावर गेलेत विचारलं, की इथल्या पाण्यावर ढकलून मोकळी होते. पोरगी स्वतःच्या केसांना शिव्या घालते आणि मी ऐकून घेते!

माझं लग्न ठरत होतं, तेव्हा रत्नागिरीहून पाहुणे आले. नानीला मीच बजावलं होतं — बाहेर येऊ नकोस. पण नातजावई बघायचा ना तिला! कडक इस्त्रीची साडी नेसून आलीच. होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, ही कोण? मी बोलले — "कामाला असते." मला कुणी शिकवलं नव्हतं, कुणी भरीस घातलं नव्हतं. लाज वाटली तिची, म्हणून बोलले. आता ती नाही.

हे सगळं सनाला तिथेच सांगितलं, मराठीत, कळतं तिला. मग म्हणाली, "देन व्हॉट डिड शी डू?"

काय करणार? पदर खोचला, वाकली आणि पाहुण्यांचे उष्टे कप उचलायला लागली. आधी सासूबाईंचा.