राजाच्या खुर्चीत बसलेली बाई

विमानप्रवासाचं अजून अप्रूप होतं, त्या काळी मी नणंदेकडे पॅरिसला गेले होते. एक दिवस सहलीच्या बसनं व्हर्सायचा राजवाडा पाहायला निघाले. शेजारच्या सीटवर नऊवारीतली एक म्हातारी बाई होती. मुलाला रजा नव्हती, म्हणून त्यानं तिला एकटीलाच बसवून दिलं होतं. मी नागपुरातल्या सदरची आणि ती जरीपटक्याची, एवढं कळताच तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाही.

राजवाड्यात दालनामागून दालन येत होतं. लोक माना वर करून सोनेरी छत बघत होते आणि ती वाकून गुडघे चोळत होती.

"एवढ्या खोल्या, अन् बसाले जागा नाही वं बाई!"

मी हसले. तेवढ्यात ती दोरीखालून शिरली आणि पाय लांब करून चक्क राजाच्या मखमली खुर्चीत बसली.

पहारेकरी धावत आला. मी घाईघाईनं तिला उठायच्या खुणा करू लागले. ती मात्र शांतपणे त्याला म्हणाली, "राजा मेला नं गा कवाचा? मंग खुर्ची काहून अडवून ठेवली?"

बाईंना चक्कर आलीय, असं भाषांतर मी इंग्रजीत केलं. पहारेकऱ्यानं तिला हात देऊन उठवलं आणि कोपऱ्यातलं स्वतःचं स्टूल बसायला दिलं. ती बसली, जरा सरकली आणि मला म्हणाली, "तूही टेक. कवाची लंगडून राहिली."

नव्या बुटानं सोललेली टाच मोकळी करत अर्ध्या स्टुलावर मी टेकले. बाकीचे प्रवासी राजाची खुर्ची सोडून आमचेच फोटो काढू लागले.