रूथबाईंचे कान

रूथबाई साळवे कुणाच्याही घरी बसायला गेल्या की तीन मिनिटांनी एकदा थांबायच्या. बोलणं कितीही रंगात आलेलं असो, समोरच्या बाईनं सुनेचं गाऱ्हाणं अर्ध्यावर आणलेलं असो, त्या मनगटावरचं घड्याळ बघायच्या आणि म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?" समोरचा 'वाढवा' म्हणाला की पुन्हा टेकायच्या. नाही म्हणाला तर पिशवी उचलून चालू लागायच्या. राग नाही, रुसवा नाही. नव्या माणसाला वाटायचं, बाईंच्या डोक्यात काही फरक आहे. आम्हाला कारण ठाऊक होतं. श्रीरामपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी उभी हयात ट्रंक कॉल जोडले. त्या काळी मुंबईला बोलायचं तर एक्स्चेंजला नंबर नोंदवून दिवसदिवस वाट बघावी लागे, आणि एकदाची लाईन मिळाली की तीन मिनिटं; ती संपली की ऑपरेटर मध्येच विचारायची, वाढवू का. बाईंची नोकरी सुटली, ती तीन मिनिटं काही सुटली नाहीत.

गल्लीत त्यांना रूथबाई कुणी म्हणत नसे. एक्स्चेंजच्या बाई, एवढंच. अंगानं किरकोळ, पांढरी सुती साडी, घट्ट अंबाडा. नवऱ्यामागं एकट्याच राहायच्या. आता त्याही गेल्या, म्हणून हे लिहायला बसलो. कान मात्र त्यांचे असे, की गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली तर घरात बसून सांगायच्या, कोण आलं. रूपाचा, पैशाचा, पेन्शनचा त्यांना गर्व नव्हता. कानांचा होता. "माझ्या कानावरून अर्धा तालुका गेलाय," म्हणायच्या. आणि त्या अर्ध्या तालुक्यातलं अक्षर कधी त्यांच्या तोंडातून बाहेर पडलं नाही. कुणाचं लग्न मोडलं, कोण कुणाला काय बोललं, बायका खोदून खोदून विचारायच्या. बाईंचं उत्तर ठरलेलं. "लाईनवरचं लाईनवर. ते सांभाळता येत नसेल तर हेडफोन काढून घरी बसावं."

मी साखर कारखान्यात ऊस पिळायच्या मिलवर फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत, पण मशीन कुठं दुखतंय ते हात लावून सांगायचो. इंजिनिअर मला विचारायला यायचे, मी त्यांच्याकडं कधी गेलो नाही. मिल चालू असली की माणसानं कानाशी येऊन बोंब मारली तरी ऐकू येत नाही. तिथं तीस हंगाम काढले आणि घरी आलो ते कान तिथंच ठेवून. हे मी कुणाला सांगितलं नाही. का सांगावं? समोरचा माणूस काय बोलतो ते त्याच्या ओठांवरून कळतं, नाही कळलं तर मान हलवता येते. तेवढ्यावर माझं झकास भागत होतं.

टेलिफोनला मात्र ओठ नसतात.

माझी मुलगी नंदा नर्सिंग शिकली आणि इंग्लंडला निघाली. तिची आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो होतो. मी म्हणालो, जायचं नाही. ती म्हणाली, जाणार. हट्टात माझ्यावरच गेलीय. मी तिला सोडायला स्टँडपर्यंतसुद्धा गेलो नाही. तिकडून ती दर रविवारी दुपारी फोन करायची; मी जवळच बसून असलो की घंटी तेवढी कळायची. मला रिसीव्हरमध्ये नुसतं माशी कोंडल्यासारखं ऐकू यायचं. मी आपला ओरडायचो, "बरं हाय! तू बरी का? ठेव आता, तुझं बिल वाढतंय!" आणि रिसीव्हर खाली. परदेशचा फोन तेव्हा महाग होताच, त्यामुळे बिलाचं निमित्त फार चांगलं होतं.

एका रविवारी बाई चर्च आटोपून त्यांचा पंपाचा स्टोव्ह दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या. मी बर्नर काढत होतो, तेवढ्यात त्यांनी हातानं खूण केली की फोन वाजतोय. मी उठलो, रिसीव्हर उचलला, नेहमीचं बोललो, ठेवला. परत बर्नर घेतला. बाई दोन हात लांब खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"मिस्त्री, मुलगी काय म्हणाली?"

"काय म्हणायचं? ख्यालीखुशाली."

बाई उठून माझ्या अगदी समोर येऊन बसल्या आणि सावकाश, तोंड दाखवून बोलल्या. "एवढ्या वर्षांत लाईनवरचं मी कुणाला सांगितलं नाही. आज नेम मोडते. ती म्हणाली, 'अप्पा, तुम्ही अजून माझ्यावर रागावलाय का?' तुम्ही म्हणालात, 'हां हां, बरं हाय.' आणि फोन ठेवलात."

माझ्या हातातली पिन स्टोव्हच्या टाकीत पडली. ती काढायच्या निमित्तानं मी टाकीवर वाकलो.

"कधीपासून ऐकू येत नाही?" बाईंनी विचारलं.

"कोण म्हणतं ऐकू येत न्हाई?"

"बरं," बाई म्हणाल्या. "स्टोव्ह उद्या नेते." तीन मिनिटांचं त्या दिवशी काही बोलल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी नंदाचं पत्र आलं. लिहिलं होतं, 'अप्पा, मी इथं कॉम्प्युटर घेतलाय. तुम्हीही घेतलात तर इंटरनेटवरून बोलता येतं, बिल नावापुरतं. मग तरी घाई करणार नाही ना? पैसे मी पाठवते. तेही नको असेल तर मी समजेन की तुम्हाला बोलायचंच नाही, आणि फोन करून त्रास देणार नाही.'

माझं निमित्त पोरीनं काढून घेतलं होतं. मी ते पत्र दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. तिसऱ्या दिवशी बाईंच्या दारात गेलो आणि म्हणालो, "टेलिफोनातलं तुमाला कळतं. कॉम्प्युटर घ्यायचाय. पैसं माझं. पोरीचं नकोत."

बाईंनी पत्र वाचलं. म्हणाल्या, "तिला लिहून कळवा की कानाचा घोटाळा आहे. मी लिहून देते हवं तर."

"अजिबात न्हाई."

"मग तोंडानं सांगावं लागेल. मी फक्त लाईन जोडून देईन. पुढचं तुमचं."

मेन रोडवर तेव्हा कॉम्प्युटरचं एकच दुकान होतं, सुनीलशेठचं. माणूस गोड, पण जिभेला ब्रेक नव्हता. एका बाजूनं विकलेली वस्तू आणि दुसऱ्या बाजूनं ऐकलेली बातमी, दोन्हींची डिलिव्हरी गल्लीत पोचवायचा. त्यानं आम्हाला रंगीत पडद्याचा, दिवे लागणाऱ्या स्पीकरचा नवाकोरा सेट दाखवला.

"पडदा जुना द्या," बाई म्हणाल्या. "आम्हाला बघायचं नाहीये, ऐकायचंय. ते दिव्याचे डबे काढा. मशीनसुद्धा वापरलेलं चालेल, फोनच्या लाईनीला जोडायचा मोडेम तेवढा नवा द्या. आवाजाचं कार्ड कुठलं घालता?"

शेठ जरा वरमला. स्वस्तातल्या कार्डावर एका वेळी एकाच माणसाला बोलता येतं, म्हणाला. एकानं संपवायचं, मग दुसऱ्यानं सुरू करायचं. दोघांना एकदम बोलता येईल असं कार्ड होतं, पण महाग.

"महागातलं घाला."

"अहो बाई, घरगुती बोलण्याला कशाला? पाळीपाळीनं बोलायचं."

"शेठ, मी जन्मभर लोकांना बोलताना ऐकलंय. रडताना माणूस पाळी बघत नाही."

मग हेडफोन निघाले. पहिला पाखराच्या हाडासारखा, एका कानाला स्पंजची टिकली. शेठ म्हणाला, सगळे हाच नेतात. मी त्याच्याकडं बघितलं. आता हा माझ्या कानाला लावणार, आणि भर दुकानात कळणार.

बाई पुढं सरकल्या. "हा नको. मला ऐकायला कमी येतं."

"तुम्हाला?" शेठनं डोळे मोठे केले. "एक्स्चेंजच्या बाईंना?"

"वय झालं," बाई म्हणाल्या. आवाज जराही हलला नाही. "मिस्त्रींकडचं मशीन मीच चालवणार ना. दोन्ही कान झाकणारा दाखवा. मिस्त्री, तुम्ही लावून बघा, माझा अंबाडा विस्कटतो. मी माईकमध्ये बोलते."

त्या काउंटरच्या टोकाला पाठमोऱ्या जाऊन बसल्या. ओठ दिसेनात. पहिला जोड लावला, काही नाही. दुसरा लावला, माशी. तिसरा काळा, जाड गादीचा, डोक्यावर ओझं झाल्यासारखा. शेठनं बाईंच्या सांगण्यावरून आवाज वाढवला, आणि माझ्या दोन्ही कानांच्या मधोमध, डोक्याच्या आत, कुणी तरी हलकेच म्हणालं, "मिस्त्री, ऐकू आलं तर चष्मा काढा. कुणाला कळायचं नाही."

मी चष्मा काढला. काढावाच लागला असता, डोळ्यांपुढं दुकान धूसर झालं होतं. कितीतरी वर्षांनी माझ्याशी कुणी तरी हळू बोललं होतं.

मशीन घरी आलं. चालवायचं कसं ते बाई शेठकडून वहीत उतरवून घेऊन शिकल्या. पत्र टाकून नंदाला वेळ कळवली. मधल्या दिवसांत शेठच्या जिभेनं तिचं काम केलं. भाजीवाली बाईंना भाव ओरडून सांगू लागली. चर्चमध्ये त्यांना हाताला धरून पुढच्या बाकावर बसवलं. पोस्टमन कानाशी तोंड नेऊन बोलायचा. मी हे सगळं बघत होतो. रोज मनाशी म्हणायचो, आज सांगू. आणि रोज गप्प बसायचो, कारण गप्प बसायची मला सवय होती आणि बाई तक्रार करत नव्हत्या.

ठरल्या रविवारी तीनला बाईंनी नंबर लावला. मोडेम किंचाळायला लागला तशा त्या मान कलती करून, डोळे मिटून ऐकत राहिल्या. "समोरून उत्तर आलं. आता ओळख पटतेय... पटली." एक्स्चेंजच्या बोर्डावर बसलेल्या असताना त्या कशा दिसत असतील ते मला तेव्हा दिसलं. त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावर बसवला, आणि ओट्यावर जाऊन बाहेरून दार ओढून घेतलं.

"अप्पा?"

लहानपणी पाण्याचा हंडा उतरवायला हाक मारायची, तसाच आवाज.

"अप्पा, ऐकू येतंय का?"

"येतंय," मी म्हणालो. "आत्ता येतंय. याच्या आधी येत नव्हतं, नंदा. कान गेलेत माझे. मिलनं खाल्ले. तू काय बोलतेस ते मला कळतच न्हवतं, म्हणून फोन ठेवत हुतो."

ती म्हणाली, "म्हणजे रागावला नव्हतात?"

"रागावलो हुतो की. पहिले दोन महिने. नंतरचं सगळं कान."

ती हसायला आणि रडायला एकदमच लागली, आणि मीही. महागातलं कार्ड घेतलं ते बरं झालं. तासभर बोललो. ती तिकडं काय जेवते, थंडी किती, वॉर्डातल्या म्हाताऱ्या तिला काय म्हणतात, हे मला वर्षानं पहिल्यांदा कळलं. शेवटी म्हणाली, "हे आधी सांगायचं होतं, अप्पा." मी म्हणालो, चुकलं. हा शब्द मी कारखान्यात साहेबालासुद्धा कधी दिला नव्हता. तोंडातून गेला आणि काही बिघडलं नाही.

दार उघडलं तर ओट्यावर शेजारच्या पारूबाई रूथबाईंच्या कानाला लागून ओरडत होत्या. इतक्या, की मलाही ऐकू आलं. "बाई! च्या टाकू का, च्याऽऽ?" समोरच्या ओट्यावर दोघी-तिघी बसलेल्या होत्या. बाई शांतपणे मान हलवत होत्या.

"पारूबाई," मी म्हणालो, "त्यांच्या कानात वरडू नका. बाईंचं कान ठणठणीत हायेत. बहिरा मी हाय. शेठच्या दुकानात माझी लाज राखायला त्यांनी ते स्वतःवर घेतलं."

माझ्या छातीवरचं मिलचं चाक कुणी तरी उचलून नेल्यासारखं झालं. मला वाटलं, बाई आता चष्मा पुसतील.

बाई उखडल्या. "अहो मिस्त्री, काय केलंत हे! बहिरी समजून पंधरा दिवस सगळी गल्ली माझ्यासमोर मोकळी बोलत होती. इतकं तर एक्स्चेंजलासुद्धा कधी ऐकलं नव्हतं!"

पारूबाईंचा हात कपाळाला गेला. "म्हंजी परवा मी नळावर जे म्हणलं..."

"ते आणि काल म्हणालात तेही."

समोरच्या बायका पदर तोंडाला लावून लोळायच्या बाकी राहिल्या. पारूबाई लाजून आपल्या घरात पळाल्या. जाता जाता उंबऱ्यातून वळून माझ्याकडं बघत काहीतरी पुटपुटल्या. मी दोन पायऱ्या उतरून त्यांच्या दाराशी गेलो.

"काय म्हणालात? मोठ्यानं बोला. मला ऐकू येत न्हाई."

चहात साखर किती घालू, एवढंच विचारत होत्या त्या.