एरंडेलाचा वास आणि आलेखातलं टोक

एरंडेलाचा वास आला की रत्नागिरीतला तो मल्लखांबाचा हॉल आठवतो, तेलाने काळपट झालेला खांब, घामाने चिकट झालेली गादी आणि भिंतीला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली मी. मुलींच्या नडगीला सेन्सर बांधून उडीनंतर पायाला बसणारा दणका मोजायचा आणि आकडे साफ करून मल्लखांब शिकवणाऱ्या सरांना द्यायचे, हे माझं काम होतं. एका मुलीच्या आलेखात दर उडीला सुईसारखं टोक येत होतं. "तो सेन्सरचा कचरा आहे. फिल्टर वाढव, टोक जाईल. परवा संघाची निवड आहे," सर म्हणाले. मी म्हटलं, कचरा नेमका डाव्याच पायात आणि दर वेळी पाय टेकतानाच कसा येतो? "तू आकडे बघ गो, भाषण नको." तेवढ्यात ती मुलगी वाकली आणि तिने टोकावर बोट ठेवलं. "ताई, ह्याच वेळेस दुखतं माझं." सर हसले, "नाटकी आहे." मी टोक तसंच ठेवून कागद छापला आणि न्यायला आलेल्या तिच्या आईच्या हातात देऊन म्हटलं, तिचं दुखतं ते हे इथे. दिवसभर जेटीवर कोळंबी सोलणाऱ्या त्या बाईला आलेख कळला नाही, पण टोक कळलं. तिने पोरीची पिशवी उचलली. "वाटोळं केलंस तिचं," सर दारापर्यंत ओरडत आले. मुलगीही रडत माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलेलं?" ती अजून माझ्याशी बोलत नाही. बाजारात दिसले की तोंड फिरवते आणि डावा पायही उजव्याइतकाच नीट टेकत निघून जाते.